कुट्टू (बकव्हीट): आईला द्यावा का, आणि मुळशीत पिकेल का?

सई_कर्वेनगर:
नमस्कार मंडळी. आईला मधुमेह आहे. एकादशी ती सोडणार नाही, आणि साबुदाणा डॉक्टरांनी बंद केलाय. मार्केट यार्डात कुट्टूचं पीठ मिळालं, पाकिटावर ‘साखर नियंत्रणात ठेवते’ असं छापलंय. यामागे खरंच संशोधन आहे का? दुसरं म्हणजे, मुळशीत आमची थोडी शेती आहे. धाकटा भाऊ म्हणतो वीस गुंठ्यांत कुट्टूच पेरू. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त_पैदासकार:
सई, माझी सगळी नोकरी पिकांच्या पैदाशीत, म्हणजे नवी वाणं काढण्यात झाली. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये सांगला खोऱ्यात हे पीक जवळून पाहिलंय. तिथे गोड्या जातीला ओगला म्हणतात आणि कडवटला फाफरा. तुमच्या पाकिटात बहुधा ओगलाच असेल.

आधी आईचं. कुट्टू गवतकुळातला नाही, मंडईतल्या आंबट चुक्याच्या कुळातला आहे, म्हणून त्यात ग्लूटेन नसतं. प्रथिनं १०० ग्रॅममध्ये साधारण १३ ग्रॅम, आणि गव्हात कमी पडणारं लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) यात भरपूर. साखरेबद्दल लोक ज्याचा दाखला देतात तो प्रयोग कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचा, २००३ चा. मधुमेही उंदरांना कुट्टूचा अर्क एकदाच दिला आणि त्यांची साखर १२ ते १९ टक्के उतरली. प्रयोग चांगला आहे, पण तो उंदरांवरचा आणि अर्काचा. तळलेल्या पुरीला तो लावणं मला पटत नाही. साबुदाण्यापेक्षा कुट्टू बरा, एवढं मी खात्रीने म्हणेन. पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजा. गोळ्या-इन्सुलिनमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदल नको.

आता भावाचं. माझा जीव याच प्रश्नात अडकतो, कारण कुट्टूची खरी अडचण फुलात आहे. ओगल्याच्या शेतात दोन तऱ्हेची झाडं असतात. निम्म्यांच्या फुलात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, निम्म्यांत उलट. लांबवाल्याचा पराग आखूडवाल्यालाच चालतो, स्वतःच्या जातभाईंना नाही. म्हणजे मधमाशी आली नाही तर पांढरंशुभ्र फुललेलं शेतही रिकामं राहतं. फूल टिकतं एकच दिवस. फुलताना ऊन तापलं तर धरलेला दाणाही गळतो. जगभरचे पैदासकार या दाणा धरण्याच्या प्रश्नाशी झगडतायत. फाफरा स्वतःच फळतो, पण कडू. त्याच्या दाण्यात रुटिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि पीठ भिजवलं की दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) त्याचं क्वेरसेटिन नावाचं कडवट द्रव्य करतं. जपानने हे विकर जवळजवळ नसलेलं ‘मांतेन-किरारी’ वाण काढलं. मला ते अतिशय मोलाचं काम वाटतं.

मुळशीत पावसाळ्यात अजिबात नको, पाणी साचलं की मुळं गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत पेरा. महिन्याभरात फुलं येतात आणि डिसेंबरची थंडी मिळते. पण वीस गुंठे नको, एक गुंठा करा. दाणे एकदम पिकत नाहीत, आधी पिकलेले झडून जातात. बियाणं पहाडी भागातून आणावं लागेल, अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचं ‘व्हीएल उगल ७’ आहे. दुकानातले सोललेले दाणे पेरू नका. आणि हिरवा पाला गुरांना पोटभर घालू नका. त्यातल्या फॅगोपायरिन नावाच्या द्रव्यामुळे उन्हात पांढऱ्या कातडीची जनावरं भाजतात.

सातेरी_पेटीवाला:
पैदासकार काकूंनी मधमाशीचं सांगितलं ते शंभर टक्के. कुट्टूच्या फुलात मकरंद सकाळीच असतो, दुपारनंतर माश्या फिरकत नाहीत. फुलोऱ्यात सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) एक-दोन पेट्या बांधावर ठेवा, आणि शेजारी फवारणी करणार असेल तर आधी बोलून घ्या. मी गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत शिकलो, भावालाही तिथे पाठवा.

थालीपीठ_प्रेमी:
सईताई, पीठ चवीला खवट लागलं किंवा वास आला तर सरळ फेकून द्या. यात तेलाचा अंश असतो, जुनं पीठ पटकन बिघडतं. उत्तरेत नवरात्रात कुट्टूचं पीठ खाऊन लोक आजारी पडल्याच्या बातम्या येतात. मी अख्खे दाणे आणून घरघंटीवर लागेल तेवढंच दळते. ग्लूटेन नसल्याने थापताना तुटतं, म्हणून भाकरीसारखं कढत पाणी घालून मळायचं, शेंगदाण्याचं कूट, मिरची, आणि तव्यावर थोडं तूप. आईंना चालणार नाही म्हणून बटाटा टाळा.

एक मात्र विचारते, घरात कुणाला ॲलर्जी आहे का? कुट्टूची ॲलर्जी जीवघेणी होऊ शकते, जपानमध्ये पाकिटावर त्याचा उल्लेख सक्तीचा आहे. पहिल्यांदा अगदी छोटा तुकडाच द्या.

सई_कर्वेनगर:
काकू, एक गुंठ्यावर भाऊ तयार झालाय. पेट्या शेजारच्या काकांकडे आहेत. ओळी किती अंतरावर ठेवायच्या?

निवृत्त_पैदासकार:
एक फूट. बी बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. फुलं आली की दोन्ही तऱ्हेच्या फुलांचे फोटो इथे टाका, मला बघायचेत.