मदत हवी आहे: अंगणवाडीसाठी चित्रपुस्तकं घ्यायची आहेत, पण वाघाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी सिंदेवाही तालुक्यात (जि. चंद्रपूर) जंगलाला लागून असलेल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. 3 ते 6 वयाची 26 पोरं पटावर आहेत, रोज 18-20 येतात. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणच्या 10 टक्के निधीतून पुस्तकांसाठी 3000 रुपये मंजूर केलेत. यादी मीच द्यायची आहे, पोळ्याच्या आत.

मागची पुस्तकं कोणी न बघताच घेतली होती. कागद पातळ, पिना मारलेल्या, महिन्यात पानं सुटली. चित्रं एवढीशी आणि पानावर दहा-दहा ओळी, मागे बसलेल्या लेकराला काही दिसायचंच नाही. त्यातलं भाज्यांचं एक पुस्तक मात्र पोरांनी चिंध्या होईपर्यंत पाहिलं. खाली छापलेलं ‘कोथिंबीर’, पोरं ओरडायची ‘सांबार!’ बटाट्याला ‘आलू!’ मी दोन्ही शब्द म्हणत गेले. जी पोरगी महिनाभर एक शब्द बोलली नव्हती, ती त्या पानावर पहिल्यांदा बोलली. म्हणून यंदा मला नीट निवडायचं आहे.

अडचण वाघाची आहे. पुस्तकांच्या याद्या पाहते तर जागोजागी वाघ. छत्री घेतलेला, लाडू खाणारा, पोरांशी लपाछपी खेळणारा. आमच्याकडे वाघ गोष्टीतला नाही हो. मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला घरची माणसं पहाटेच जंगलात जातात. माझ्याकडच्या एका लेकराच्या घरातलं माणूस असंच गेलं ते परत आलं नाही. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरात वाघ होता. ते लेकरू रडलं नाही. उठून मदतनीसताईच्या मांडीवर जाऊन बसलं आणि म्हणालं, “हा इथं काहून आला?” मी कॅलेंडर काढून टाकलं, पण काढावं की नाही ते आजही उमजत नाही. कारण बाकीची पोरं अंगणात रोज वाघ-वाघ खेळतात.

वाघाची पुस्तकं घेऊच नको का? घेतली तर कशी? आणि एवढ्या पैशात काय काय बसेल?

प्रतिसाद, वर्ध्याहून
ताई, मी बालवाडीत बरीच वर्षं काढली. वाघ पूर्ण वगळू नका. पोरं वाघ-वाघ खेळतात तेव्हा भीतीच खेळून काढत असतात. पण दात काढून हसणारा, गोडगोड वाघ तुमच्या गावाला नको. त्या लेकराला तो खोटा वाटेल, आणि त्याचं बरोबरच असेल. वाघ वाघासारखा दिसतो, जंगलात राहतो, शिकार करतो, पिलं सांभाळतो, असं एखादं पुस्तक घ्या. ते गोलात बसवून वाचू नका, नुसतं ठेवा. ज्याला हवं तो उघडेल. ते लेकरू जवळ आलं तर तुम्ही शेजारी बसा, ते बोलेल तेवढंच ऐका. निवडताना आणखी एक करून बघा. खालचे शब्द हाताने झाका आणि चार वर्षांच्या पोराला नुसती चित्रं दाखवा. त्याला गोष्ट सांगता आली तर पुस्तक घ्या.

प्रतिसाद, गडचिरोलीहून
मी वरच्या ताईंशी सहमत नाही. मी असते तर हे वर्ष वाघ ठेवला नसता. 20 पोरांत त्या एका लेकराकडे सारखं लक्ष द्यायला हात कुठून आणणार? आधी त्याच्या आईशी बोला.

प्रतिसाद, भंडाऱ्याहून
ताई, पैशाचं सांगतो. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त पडतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि चेन्नईच्या तूलिकाची मराठी चित्रपुस्तकंही बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. लहानांसाठी तिथली पहिली, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी बघा. मोबाइलवर वाचून पोरांना कोणतं आवडतं ते आधी ठरवा, मग खर्च करा. वीस वेगवेगळी घेण्यापेक्षा दहाच घ्या, आवडत्याच्या दोन-दोन प्रती. शक्यतो नागपूरला जाऊन हातात धरून बघा आणि पक्कं बिल घ्या, नाहीतर ग्रामपंचायतीत अडतं. पुस्तकं कपाटात ठेवू नका. पोरांच्या उंचीला दोरी बांधून चिमट्यांनी अडकवा.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. गडचिरोलीच्या ताई, आज त्या लेकराच्या आईकडे जाऊन आले. ती म्हणाली, “घरात त्याचं नावच कोणी काढत नाही बाई, तुमच्याकडं तरी बोलू द्या.” तेव्हा वाघाचं एकच पुस्तक घेते, वर्ध्याच्या ताईंनी सांगितलं तसंच. शनिवारी नागपूरला जाते. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन येतील, तेव्हा त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन आमचं एक पुस्तक इथंच शिवणार आहे.

अजून एक विचारते. धानाच्या रोवणीवरचं, चिखलातल्या बायांचं, बांधावर बसलेल्या लेकरांचं चित्रपुस्तक कोणी पाहिलंय का? सध्या पोरांच्या आया दिवसभर तिथंच असतात.