मदत हवी आहे: लेकीला लंडनच्या बीएमएक्स ट्रॅकवर न्यायचंय, पुण्यात तयारी कशी करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही तीन आठवडे भावाकडे जातोय. तो पूर्व लंडनला, स्ट्रॅटफर्डजवळ राहतो. लेक 11 वर्षांची आहे. तिला ना राजवाडा बघायचाय, ना मेणाचे पुतळे. तिला जायचंय तिथल्या सायकल पार्कला, ली व्हॅली वेलोपार्कला. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये कोलंबियाच्या मारियाना पाहोनने बीएमएक्स शर्यतीचं (छोट्या सायकलींवरची, उंचवटे आणि वळणांच्या ट्रॅकवरची शर्यत) सुवर्णपदक तिथेच मिळवलं आणि 2016 ला रिओत पुन्हा मिळवलं. लंडनच्या त्या शर्यतीचा व्हिडिओ लेकीने इतक्यांदा पाहिलाय की कुठल्या वळणावर कोण पुढे येतं हे ती डोळे मिटून सांगते.

भाऊ म्हणतो, पार्क सगळ्यांसाठी खुलं आहे, आधी नोंदणी करून जायचं, सायकल तिथेच भाड्याने मिळते. आत व्हेलोड्रोम (कडेला चढत जाणाऱ्या वळणांचा, गुळगुळीत शर्यतीचा ट्रॅक) आहे, एक मैलाचा डांबरी रस्ता आहे, बीएमएक्स ट्रॅक आहे आणि माउंटन बाइकसाठी सुमारे 8 किलोमीटरच्या मातीच्या वाटा आहेत. वेळ एकाच दिवसाचा. त्यातलं काय निवडावं, इथपासूनच माझी गाडी अडली आहे.

आता खरी काळजी सांगते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वेताळ टेकडीवर गेलो होतो. तिची 24 इंची गिअरची सायकल, नाना पेठेतून घेतलेली. उतारावर सगळा सुटा मुरूम होता. तिचा वेग वाढलेला बघून मी मागून ओरडले, "ब्रेक दाब, ब्रेक दाब!" तिने दाबला, तो पुढचा. चाक घसरलं आणि ती हँडलवरून पुढे पडली. ढोपरं सोलवटली, हनुवटीला तीन टाके पडले. ती आठवड्याभरात विसरली. माझ्या कानात मात्र माझाच आवाज अजून आहे. मी ओरडले नसते तर ती कदाचित सरळ खाली उतरलीही असती.

म्हणून यावेळी मला आधी नीट शिकायचंय. तिला काय सांगायचं आणि कुठे गप्प राहायचं, दोन्ही. मला स्वतःला साधी सायकल येते, पण उड्या आणि उंचवट्यांतलं काहीही कळत नाही. तिच्या बाबांचंही तेच.

दोन-तीन जणांनी "बालेवाडीला ट्रॅक आहे की" असं सुचवलं. आम्ही चौकशी केली, पण तो व्हेलोड्रोम आहे. कडेला चढत जाणारी गुळगुळीत वळणं, बिनब्रेकच्या सायकली. तो खेळच वेगळा. आम्हाला कोथरूडमध्ये, रोज संध्याकाळी अर्धा तास करता येईल असं काही हवंय. हातात दहा आठवडे आहेत. शिवाय हेल्मेट, गार्ड वगैरे इथून न्यायचं की तिथे भाड्याने घ्यायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. सल्ला कितीही प्राथमिक असला तरी चालेल.

*

मुरूमवाट:

ताई, मी स्ट्रॅटफर्डच्या त्या पार्कात बऱ्याचदा गेलोय, आता बावधनला असतो. आधी मनावरचं ओझं उतरवा. सुट्या मुरमावर नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला की मोठी माणसंही पडतात. ट्रेकला आपण घसारा म्हणतो ना, तसंच ते. चाकाखाली धरायला जमीनच नसते.

निवड विचाराल तर बीएमएक्स घ्या, आणि नवशिक्यांसाठी प्रशिक्षक असलेलं सत्रच घ्या. माउंटन बाइकच्या वाटांना इंग्लंडमध्ये रंग असतात: हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, लाल आणि काळी. वेळ उरलाच तर निळीवर एक फेरी मारा, लालकडे वळू नका. बीएमएक्स ट्रॅकवरचे ऑलिंपिकचे मोठे उंचवटे नंतर लोकांसाठी कमी केलेत, तेव्हा व्हिडिओतल्या उड्या बघून घाबरू नका. आणि तिथे उडी मारावीच लागते असंही नाही. चाकं जमिनीला चिकटवून पूर्ण फेरी मारता येते. सुरुवातीला तीच शिकायची असते.

आता कोथरूडमधली तयारी. बीएमएक्स सायकलला 20 इंची चाकं, गिअर नाही, ब्रेक बहुधा फक्त मागचा आणि सीट अगदी खाली, कारण बसायचंच नसतं. म्हणून तिच्या सायकलचं सीट तळापर्यंत उतरवा. दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे आणि कोपरं किंचित वाकलेली, नजर चाकाकडे नाही तर चार-पाच मीटर पुढे. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर एवढंच.

मग सोसायटीतला गोल पाठीचा गतिरोधक शोधा. झोका कसा चढवतो आपण? योग्य क्षणी पाय दुमडायचे, योग्य क्षणी ताणायचे. इथेही तेच: उंचवट्यावर चढताना हातपाय दुमडून सायकल अंगाकडे येऊ द्यायची, उतरताना खाली दाबायची. हे जमलं की पेडल न मारता वेग टिकतो. ट्रॅकवरचं निम्मं कसब हेच. तिच्या सायकलच्या पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) स्प्रिंग असेल तर अर्धा जोर तोच गिळतो, तेव्हा शेजारी कोणाकडे साधी, बिनस्प्रिंगची लहान सायकल असली तर त्यावर करून घ्या. स्टँड, कॅरियर, मडगार्ड काढून ठेवा. हँडलच्या टोकांना रबरी टोप्या आहेत ना ते नक्की बघा. उघडी नळी पोटात घुसली की फार वाईट जखम होते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. इंग्लंडमध्ये दोन ब्रेकच्या सायकलवर उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो, पण एकाच ब्रेकच्या बीएमएक्सवर तोच बहुधा मागच्या चाकाचा. भाड्याच्या कुठल्याही सायकलवर बसण्याआधी तिने स्वतः चाक उचलून फिरवावं आणि ब्रेक दाबून पाहावा. तुमच्या टेकडीवरच्या प्रसंगानंतर ही सवय तिला आयुष्यभर लागली पाहिजे.

आणि ओरडण्याबद्दल: ती ट्रॅकवर असताना एक शब्दही नको. बोलायचं ते खाली आल्यावर.

*

सावकाश:

वरचं सगळं पटलं, तीन गोष्टी जोडते. बीएमएक्ससाठी पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पूर्ण बाह्या, लांब पँट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे लागतात. हेल्मेट तिथलं घ्या, पण हातमोजे आणि ढोपरांचे गार्ड इथूनच न्या, ते अंगाला बसलेले असावे लागतात. दुसरं, प्रवास विम्यात सायकल ट्रॅकवरची दुखापत धरलेली आहे का ते आत्ताच लेखी विचारा. तिसरं, सत्र सुरू होण्याआधी ट्रॅकच्या कडेने तिला नुसती पायी फिरवून आणा. कुठून सुरुवात, बाहेर कुठून पडायचं, पडलो तर कोणत्या बाजूला सरकायचं. मधोमध थांबणं हाच तिथला सगळ्यात मोठा धोका, कारण मागून दुसरं पोर येत असतं.

*

मूळ धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. झोक्याचा दाखला मी तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. काल संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिने चाळीसेक फेऱ्या मारल्या. पहिल्या तिसेक वेळा सायकल तिथेच मेली, आणि मग एकदा पेडल न मारता ती पुढच्या फाटकापर्यंत गेली. मी कठड्यावर बसून होते आणि खरंच काही बोलले नाही. परत येऊन तिने विचारलं, "आई, तू बघितलंस ना?"

विम्याची मेल पाठवली आहे. आता एकच अडचण उरली. तिला चष्मा आहे. चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये तो कसा बसतो?

*

मुरूमवाट:

चष्मा काढून हेल्मेट घालायचं, पट्टा बांधायचा आणि मग डोळ्यांसमोरच्या मोकळ्या जागेतून दांड्या सरळ आत सरकवायच्या. वाकड्या दांड्या कानाशी अडतात, म्हणून सरळ दांड्यांची जुनी फ्रेम असेल तर ती न्या. हेल्मेट काढताना आधी चष्मा.