भाडेकरूसकट फ्लॅट घेताना
दुबईत नोकरी करत जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये भाडेकरूसकट फ्लॅट घ्यायचं म्हणताय, आणि काळजी सगळी व्याजदराची. माझ्या मते आधी त्या भाडेकरूचा करार बघा. आपल्याकडे बेळगावात, टिळकवाडीत, शहापुरात 11 महिन्यांचा करार करतात, पटलं नाही की घर रिकामं करून घेतात. तो हिशेब तिथे चालत नाही. जर्मनीत करार बहुधा बेमुदत असतो आणि घर विकलं तरी जसाच्या तसा नव्या मालकाकडे येतो. डिपॉझिटही मूळ भाड्याच्या (हीटिंग, पाणी वगैरे खर्च सोडून) 3 महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

विक्रेत्याकडून मूळ करार मागवाच, शिवाय इमारतीतल्या मालकांच्या मागच्या सभांची इतिवृत्तं. छपराचं काम मंजूर होऊन बसलं असेल तर वर्गणी तुमच्या माथी येऊ शकते. महिन्याच्या मेंटेनन्समधला दुरुस्ती निधी भाडेकरूकडून वसूल होत नाही, तो वजा करूनच उत्पन्न मोजा.

भाड्यावर कर जर्मनीत लागतो. 10 वर्षांनंतर विकलात तर नफ्यावर तिथे सहसा कर नाही. उद्या बेळगावला परतलात तरी फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या, कलम 6(4) प्रमाणे फ्लॅट ठेवता येतो. मात्र आयकराच्या हिशेबाने भारताचे पूर्ण रहिवासी झालात की तो इथल्या आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेत दाखवावा लागतो.