श्रीलंकेचे नवे सरकार भारताकडे झुकले आहे की चीनकडे?

कोरेगावकर, सातारा

नमस्कार. आमच्या जिल्ह्यात माजी सैनिकांची घरे नाहीत असे गाव शोधावे लागेल. त्यामुळे श्रीलंकेचा विषय निघाला की चर्चा हमखास १९८७ मध्ये तेथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेवर येते. आमच्या वाचक मंडळातही तसेच झाले. ज्या जनता विमुक्ती पेरमुना या पक्षाने, ज्यानुसार ती सेना गेली त्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध सशस्त्र उठाव केला, भारतीय मालावर बहिष्कार पुकारला आणि ज्याच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘भारतीय विस्तारवाद’ हा एक स्वतंत्र पाठच होता, त्याच पक्षाचे अनुरा कुमारा दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या परदेश दौऱ्यासाठी त्यांनी डिसेंबरात दिल्ली निवडली आणि पुढच्याच महिन्यात ते बीजिंगलाही जाऊन आले. मंडळातील काहींच्या मते दिल्लीचा दौरा हा देखावा असून मार्क्सवादी पक्ष अखेर चीनचाच. इतरांच्या मते २०२२ च्या आर्थिक संकटात भारताने केलेल्या मदतीची ही जाण आहे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. या सरकारचे धोरण नेमके कशावरून ओळखावे?

राज्यशास्त्र_मिरज

कोरेगावकर सर, पहिला दौरा कोठे झाला याला आपल्या वृत्तवाहिन्या अवाजवी महत्त्व देतात. त्याऐवजी कर्जाचे कागद पाहावेत, असे मी विद्यार्थ्यांनाही सांगते. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवली. त्या वर्षी भारताने इंधन, औषधे आणि धान्य यांसाठी उधारी देऊन आणि येणे रकमांना मुदतवाढ देऊन सुमारे चार अब्ज डॉलरचा आधार दिला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज मंजूर होण्यासाठी मोठ्या धनकोंची लेखी हमी आवश्यक होती. ती सर्वांत आधी, जानेवारी २०२३ मध्ये, भारताने दिली आणि मार्चमध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला. पुढे कर्जाच्या पुनर्रचनेसाठी जपान, फ्रान्स आणि भारत यांच्या सहअध्यक्षतेखाली धनको देशांची समिती बसली, तेव्हा चीन तिच्याबाहेर राहिला आणि आपल्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत स्वतंत्रपणे बोलत राहिला. जून २०२४ मध्ये दोन्हींशी करार झाले: समितीशी ५.८ अब्ज डॉलरचा आणि चिनी बँकेशी ४.२ अब्ज डॉलरचा.

म्हणजे दिसानायके खुर्चीत बसण्यापूर्वीच चौकट आखली गेली होती. प्रचारात त्यांनी नाणेनिधीच्या अटींवर फेरचर्चेची भाषा केली होती. सत्तेत आल्यावर मात्र कार्यक्रम पुढे चालू ठेवला. दोन्ही सावकारांना एकाच वेळी सांभाळावे लागणाऱ्या ऋणकोला विचारसरणीची चैन परवडत नाही. आपल्या भूमीचा वापर भारताच्या सुरक्षेला बाधक होईल अशा रीतीने होऊ देणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिल्लीत दिले. बीजिंग दौऱ्यात श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हंबनटोटा येथील ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी सिनोपेक या चिनी सरकारी कंपनीशी करार झाला. उत्तर श्रीलंकेतील मन्नार आणि पूनेरीन येथील अदानी समूहाच्या पवनऊर्जा प्रकल्पाचा वीजदर जास्त आहे म्हणून त्यांनी फेरविचार सुरू केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये समूहाने माघार घेतली. यावरून भारतविरोधाचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्यानंतर दोनच महिन्यांनी पंतप्रधान मोदी कोलंबोला गेले, तेव्हा भारताच्या सहकार्याने होणाऱ्या सांपूर येथील सौर प्रकल्पाचा आरंभ त्याच सरकारने केला. माझ्या मते भांडण दराचे होते, देशाचे नव्हते.

निवृत्त_सुभेदार

मॅडम, आपले विवेचन पटले, परंतु संरक्षणाचा भाग त्यात निसटला. एप्रिल २०२५ च्या त्याच भेटीत उभय देशांत संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला आणि पेरमुनाच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात तो व्हावा, ही मोठी गोष्ट आहे. तरीही मी खरी कसोटी जहाजांची मानतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे उपग्रह व क्षेपणास्त्रांचा माग घेणारे चिनी जहाज भारताच्या आक्षेपानंतरही हंबनटोट्याला लागले होते. नंतर आधीच्या सरकारने २०२४ या वर्षापुरती सर्वच परदेशी संशोधन जहाजांना बंदी घातली, म्हणजे कोणाचे नाव न घेता प्रश्न पुढे ढकलला. ती मुदत संपली आहे. उद्या असे जहाज परवानगी मागेल तेव्हा कोलंबो काय लिहून देते, ते वाचावे.

साताऱ्यातील मंडळींसाठी एक खुलासा. शांतिसेनेत आपण अकराशेहून अधिक जवान गमावले, मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या जवानांनीही ती लढाई पाहिली. परंतु ते युद्ध उत्तरेत तमिळ वाघांशी झाले. पेरमुनाचा उठाव दक्षिणेतील सिंहली प्रदेशात होता आणि तो श्रीलंकेच्याच सुरक्षा दलांनी मोडून काढला. १९८९ मध्ये पक्षाचे संस्थापक रोहना विजेवीरा मारले गेले. हे दोन हिशेब एकत्र करू नयेत.

कोरेगावकर, सातारा

आभारी आहे. कर्ज न फेडल्यामुळे चीनने हंबनटोटा बंदर घेतले, असे मंडळात ठामपणे सांगितले गेले. ते खरे मानावे का?

राज्यशास्त्र_मिरज

तसे मानू नये. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिले गेले आणि सुमारे १.१ अब्ज डॉलर मिळाले. ते परकीय गंगाजळीत गेले, बंदराचे कर्ज मात्र तसेच उभे राहिले. शिवाय २०२२ मध्ये श्रीलंकेच्या डोक्यावर सर्वांत मोठा बोजा होता तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा.

पाल्कचा_वाचक, सांगली

आपण सर्वजण चीनकडे पाहत आहात. मला या सरकारची अडचण तमिळनाडू आणि श्रीलंका यांमधील पाल्कच्या सामुद्रधुनीत अधिक दिसते. तमिळनाडूच्या यांत्रिक नौका श्रीलंकेच्या हद्दीत जाऊन समुद्राचा तळ खरवडणारी जाळी ओढतात. श्रीलंकेने २०१७ मध्ये त्या पद्धतीवर कायद्याने बंदी घातली, तरी अटकसत्र आणि नौकाजप्ती थांबलेली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत दिसानायके यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा मिळवल्या आणि उत्तरेतील तमिळबहुल जाफना जिल्ह्यातही ती पहिली आली, जे आजवर दक्षिणेतील कोणत्याच पक्षाला जमले नव्हते. जाफन्याच्या मच्छीमारांची मते आता त्यांना हवी आहेत, आणि रामेश्वरमच्या मच्छीमारांसाठी चेन्नई दिल्लीवर दबाव आणत राहणार. कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येतो. मासेमारीचा हंगाम दर वर्षी येतो.