जुन्या बाजारातली तबकडी : ही चीज कोणती?

रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो स्कूटरची किक शोधायला. किक मिळाली नाही. एका पत्र्याच्या ट्रंकेत दहा-बारा लाखेच्या तबकड्या होत्या, त्यातली एक दीडशेला घेऊन आलो. कडेचा टवका उडालाय, लेबल उंदरानं खाल्लंय, 'करीम' एवढंच वाचता येतं.

नारायण पेठेत एका मित्राकडे चावीचा ग्रामोफोन आहे, त्यावर लावली. आधी नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. मग आवाज. पातळ, उंच, बाईचा की बुवांचा असा क्षणभर प्रश्न पडावा असा. अब्दुल करीम खाँसाहेब, हे लगेच ओळखलं. 'पिया बिन नाही आवत चैन' आमच्याकडे वडिलांच्या कॅसेटवर होतं. पण हे हिंदी नाही. 'राम नी समान...' असं काहीतरी. काफी राग म्हणावा तर काफीही नाही. तीन-साडेतीन मिनिटांत संपलं आणि आम्ही दोघंही सुई उचलायचं विसरलो. ती आतल्या कडेला घासत राहिली.

प्रश्न दोन. चीज कोणती? आणि हे बायकोला ऐकवायचं कसं? मोबाइलवर रेकॉर्ड करून नेलं, तर कुकरच्या शिट्ट्यांत ती म्हणाली, "रेडिओ नीट लागत नाहीये का?"

तंबोरेवाला, मिरज
राग खरहरप्रिया. दक्षिणेतले संत-संगीतकार त्यागराज यांची तेलुगू रचना, 'राम नी समानमेवरु'. स्वर आपल्या काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल, म्हणून तुमचा गोंधळ झाला; चलन, म्हणजे स्वरांची ये-जा, मात्र अगदी निराळं. खाँसाहेबांचं म्हैसूर दरबारी जाणं-येणं होतं, दक्षिणेचं गाणं त्यांनी मनापासून ऐकलं होतं. त्यांच्या सरगमेत ते दिसतंच. शेवटही तिकडेच झाला. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना छातीत कळ आली म्हणून सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर उतरले, तंबोरा जुळवून घेतला, आणि गाता गाता गेले. कबर इथे, आमच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसाला गवई अजूनही येऊन गातात.

शनिपाराजवळचा
एक दुरुस्ती. दक्षिणेच्या अशा रचनेला 'चीज' नव्हे, 'कृती' म्हणावं. दुसरी : ग्रामोफोनसमोर मोबाइल धरून केलेलं रेकॉर्डिंग कोणालाही ऐकवू नये, बायकोला तर नाहीच. नेटवर स्वच्छ केलेली प्रत आहे. बाकी, ज्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं त्यांची तबकडी पुण्यात दीडशेला जाते, यावर मी काही बोलत नाही.

रास्ता पेठेतली
आमच्या घरी ही कृती लहानपणापासून कानावर. खाँसाहेबांचे तेलुगू उच्चार ऐकून आजी पदर तोंडाला लावून हसायची आणि मग म्हणायची, "परत लाव." आमचे दाक्षिणात्य लोक असं गात नाहीत. आमच्याकडे रूपक तालाचा ठेका पाठीशी हवाच, आणि हे मधेच एका स्वरावर जाऊन बसतात.

अर्थ सांगते. रघुवंश तारणाऱ्या रामा, तुझ्यासारखा कोण आहे? पुढच्या ओळीत 'मरुवंपु मोलक' येतं, म्हणजे मरव्याचा कोवळा कोंब. तोच आपला मरवा, मंडईत गजऱ्याच्या टोपलीत असतो तो. त्यालाच लागून भक्तीच्या पिंजऱ्यातला पोपट. आणि शेवटी रामाचे भाऊ, ज्यांच्या शब्दाशब्दातून मध गळतो. खाँसाहेबांच्या तबकडीत हे सगळं शोधू नका, पण माहीत असलेलं बरं. घरात ऐकवायचं तर कुकर उतरल्यावर, आणि आधी भाषण नको.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार, दुरुस्त्यांसकट. काल मंडईतून दहा रुपयांचा मरवा आणला. रात्री ओटा आवरल्यावर नेटवरची प्रत लावली. राग सांगितला नाही, घराणं सांगितलं नाही (जिभेवर आलं होतं), फक्त मरवा तिच्या हातात दिला आणि अर्थ सांगितला.

ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुझ्यासारखा कोण, हे कौतुक आहे ना? मग हा विनवणी का करतोय?"

मला उत्तर देता आलं नाही. रास्ता पेठेतल्या ताई, तुम्हीच सांगा. तुमच्याकडेही असंच ऐकू येतं, की हे फक्त खाँसाहेबांच्या गळ्यातलं?

आणि किक अजून मिळालेली नाही. कुणाकडे असेल तर कळवा.