मदत हवी आहे: एनके पेशी (कर्कपेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) काढल्यावर फुप्फुसातल्या गाठी मोजायच्या कशा?

सी५७ब्लॅक६ जातीच्या उंदरांना शेपटीच्या शिरेतून बी१६एफ१० मेलानोमाच्या (त्वचेच्या काळ्या कर्करोगाच्या) 2 लाख पेशी टोचल्या, 200 मायक्रोलिटर पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात). पेशी 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळलेल्या, नाहीतर पुंजक्यांनी फुप्फुसाच्या वाहिन्या तुंबून उंदीर लगेच दगावतो. आधी हिरुडिन (रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला रोखणारं औषध) दिलं की 14व्या दिवशी फुप्फुसावरचे काळे ठिपके, म्हणजे गाठी, स्पष्ट कमी. म्हणजे थ्रॉम्बिनचा हात आहेच.

रक्ताच्या गुठळीतल्या फायब्रिन-प्लेटलेटचं कवच कर्कपेशींना एनके पेशींपासून वाचवतं का, हे पाहायला पीके१३६ प्रतिपिंडाने (एनके पेशी नष्ट करणाऱ्या) एनके काढल्या. तर ठिपके एकमेकांत मिसळून फुप्फुस शाईत बुडवल्यासारखं काळंकुट्ट! हिरुडिनचा फरक दिसणार कुठून?

टोचायच्या पेशी 20 हजारांवर आणल्या तर एनके असलेल्या गटात काहीच उरणार नाही, ही भीती. अशा वेळी तुम्ही दोन्ही गटांना वेगवेगळी संख्या देता, की ठिपके सोडून ल्युसिफरेजने (कर्कपेशींना चमकवणाऱ्या प्रथिनाच्या प्रकाशावरून) मोजता? कृपया आकड्यांसह सांगा.