माळावरची भटकंतीही भटकंतीच

सोलापूरच्या कॉलेजच्या पोरांना ट्रेकिंगला जागाच नाही, सह्याद्री लांब पडतो, असं कुणीतरी लिहिलंय. मला ते पटत नाही. नळदुर्गचा किल्ला सोलापूरपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून, म्हणजे पाणीमहालावरून, नर-मादी धबधबे कोसळतात. बंधाऱ्याच्या पोटातल्या त्या महालात उभं राहून समोरून पडणारं पाणी बघणं हा अनुभव मित्रांसोबतच घ्यावा. बोलायला जावं तर त्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. फक्त पाणी वाढलेलं असताना कडेला जाऊन सेल्फी काढायचा हट्ट नको, आणि कुणी "चल, मागं फिरू" म्हणाला तर त्याला भित्रा म्हणू नका.

थंडीत सायकली काढून पहाटे हिप्परग्याच्या तलावावर जा, पाहुणे पक्षी दिसतील. नान्नजचं अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी केलं. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ, पण काळविटांचे कळप आहेत. तिथं दंगा करणारा ग्रुप नेऊ नका, तीन-चार जणच बरे. वनखात्याची परवानगी, डोक्याला टोपी आणि भरपूर पाणी घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी तर बाहेर पडूच नका.